दोन जलवाहिन्या, एकच उतार

२०१९ साली नारळी पौर्णिमा आणि स्वातंत्र्यदिन एकाच दिवशी, १५ ऑगस्टला आले होते. त्याच दिवशी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात खांडेपारजवळ, रस्त्याच्या चौपदरीकरणाचे काम चालू होते तिथे, डोंगराची माती खचली आणि ओपा पाणीपुरवठा प्रकल्पाचे पाणी पणजीच्या तिसवाडी तालुक्याकडे आणणाऱ्या ९०० आणि ७५० मिलिमीटर व्यासाच्या दोन्ही जलवाहिन्या फुटल्या. पणजी आणि आसपासच्या गावांचे नळ जवळजवळ आठवडाभर कोरडे राहिले, आणि हे भर पावसाळ्यात, पागोळ्यांखाली बालदी ठेवली तर दहा मिनिटांत भरत होती अशा दिवसांत घडले.

आमच्या ताळगावच्या वाड्यावर एक जुनी विहीर आहे. तिसऱ्या दिवशी टँकर आला नाही तेव्हा आम्ही चार-पाच जण कळश्या घेऊन तिच्याकडे गेलो. पाणी कठड्यापासून हातभर खाली होते, पण शेंदायला काहीच नव्हते. रहाटाचे खांब होते, त्यांच्यामधले आडवे लाकूड कुणीतरी केव्हाच काढून नेले होते, आणि कप्पीच्या जागी गंजलेला आकडा तेवढा लोंबत होता. शेजारच्या माई आपल्या पडवीतून आमच्याकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "विहीर कुठे जात नाही रे बाबू, दोर जातो." शेवटी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी दुहेरी करून आम्ही पाणी काढले, आणि त्या दोरीने कापलेले तळहात मला पुढे चार दिवस त्रास देत होते.

त्या आठवड्यात चर्चा झाली ती दोष कुणाचा, यावर. ती व्हायलाच हवी होती. पण माझ्या मनात घोळत राहिली ती दुसरी गोष्ट. कागदावर आपल्याकडे दोन जलवाहिन्या होत्या, म्हणजे एक निकामी झाली तर दुसरी होती. प्रत्यक्षात त्या दोन्ही एकाच उतारावर, एकमेकींच्या शेजारी होत्या. ज्या मातीने एकीचा आधार सोडला त्याच मातीने दुसरीचाही सोडला. डोंगराच्या हिशेबी ती एकच वाहिनी होती. व्यवस्थेचा टिकाऊपणा मोजताना आपण वस्तू मोजतो, त्या वस्तूंना एकाच वेळी गिळू शकणारी कारणे मोजत नाही.

याचे सर्वांत भयंकर उदाहरण जपानमधले आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्राला बाहेरून येणारी वीज बंद पडली. तोपर्यंत सारे अपेक्षेप्रमाणे चालले होते, कारण त्यासाठीच ठेवलेली आपत्कालीन डिझेल जनित्रे लगेच सुरू झाली. केंद्राच्या सहा अणुभट्ट्यांसाठी मिळून अशी तेरा जनित्रे होती. तेरा हा आकडा कुणालाही निर्धास्त करील असाच आहे. परंतु बहुतेक जनित्रे तळघरांत होती आणि त्यांना थंड ठेवणारे पंप समुद्रकाठी होते. भूकंपानंतर तासाभराच्या आत चौदा-पंधरा मीटर उंचीपर्यंत पाणी चढवणारी त्सुनामी आली आणि तेरांपैकी बारा जनित्रे निरुपयोगी झाली. त्यांतली काही तर स्वतः शाबूत होती, पण त्यांची वीज पुढे पोहोचवणारे स्विचगिअर पाण्यात बुडाले होते. सहाव्या अणुभट्टीचे एक जनित्र चालत राहिले, कारण ते हवेने थंड होणारे होते आणि निराळ्या इमारतीत उंचावर बसवलेले होते. त्या एकट्याने पाचवी आणि सहावी अशा दोन भट्ट्या वाचवल्या. बारा सारख्यांपेक्षा एक वेगळे कामाला आले.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली की उत्तर ठरलेले असते, "अहो, ते शंभर वर्षांतून एकदा." या शब्दप्रयोगाने फार नुकसान केले आहे. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर याचा अर्थ कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का आहे, एवढाच. यंदा येऊन गेला म्हणून पुढची नव्याण्णव वर्षे सुटी मिळत नाही. तीस वर्षांच्या मुदतीचे गृहकर्ज फेडता फेडता असा पूर निदान एकदा दारात येण्याची शक्यता सुमारे सव्वीस टक्के भरते. आणि हे झाले एका संकटाचे. पूर, वादळ, दरड, आग, साथ, समुद्रात भरकटलेले जहाज या सगळ्यांची यादी केली, तर 'क्वचित' येणारे काहीतरी आपल्या आयुष्यात येणारच. कोणते, तेवढेच ठाऊक नसते. म्हणून एकेका संकटाच्या भाकितापेक्षा, आपल्या व्यवस्थेत सगळे काही कुठल्या एका अरुंद जागेतून जाते, हे शोधणे मला अधिक उपयोगाचे वाटते. ती जागा नकाशावर बोट ठेवून दाखवता येते.

पणजीतच पाहा. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पहिला पूल कोसळला, तेव्हा पणजीपाशी नदी ओलांडायला दुसरा पूल नव्हता. १९९२ मध्ये नवा पूल उभा राहीपर्यंतची वर्षे समोरच्या काठावरच्या बेतीच्या फेरीबोटींनी निभावून नेली. फेरीबोटी म्हणजे मागासलेपणाची खूण असे तेव्हाही अनेकांना वाटत होते. पूल झाल्यावर त्या पुरत्या मोडीत काढल्या गेल्या नव्हत्या, हे आपले नशीब. आज त्याच ठिकाणी तीन पूल आहेत, १९९२ चा, १९९८ चा आणि २०१९ मध्ये खुला झालेला अटल सेतू. वाहतुकीच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. परंतु तिन्ही पूल खांद्याला खांदा लावून उभे आहेत, आणि त्याच नदीत कॅसिनोची जहाजे नांगरलेली असतात व खनिजाच्या बार्जेस ये-जा करतात. जुलै २०१७ मध्ये कॅसिनोचे एक जहाज मिरामारपाशी वाळूत रुतले होते, ते नदीच्या तोंडाशी, पुलांपासून दूर. २६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे वीज गेलेले मालवाहू जहाज पुलाच्या खांबावर आदळले आणि पूल काही सेकंदांत पाण्यात गेला. पुलावर काम करणारे सहा मजूर मरण पावले. मांडवीवर असे काही झाले तर नदीच्या वरच्या अंगाला आमोणे-खांडोळ्याचा पूल आहे, बेतीचा धक्का आहे. हे पर्याय दूरचे आणि हळू आहेत, पण ते वेगळे आहेत, आणि म्हणून फेरीबोटींचा खर्च परवडत नाही अशी कुरकुर कानावर आली की मी अस्वस्थ होतो.

यापेक्षा फसवी असतात ती न दिसणारी बंधने. पाण्याच्या पंपाला वीज लागते. विजेचा पडलेला खांब उभारायला रस्ता मोकळा लागतो. रस्ता कुठे अडला आहे हे कळवायला मोबाइल लागतो. वीज नसताना मोबाइलचा टॉवर बॅटरी संपली की डिझेलवर चालतो, आणि डिझेल पंपावरच्या टाकीतून वर काढायला पुन्हा वीजच लागते. त्यात गोव्याची जवळजवळ सारी वीज राज्याबाहेरून येते. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये कडाक्याच्या थंडीत हेच वर्तुळ पूर्ण झाले. विजेचा तुटवडा पडल्यामुळे ज्या भागांची वीज तोडली त्यांत नैसर्गिक वायूच्या वाहिन्यांवरची काही यंत्रेही बंद पडली, आणि त्या वायूवरच वीजकेंद्रे चालत होती.

आपल्या पूर्वजांना हे सगळे ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह मला होतो आणि तो मी आवरतो. तरीही खाजन शेतीतली, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीतली, मानस पाहावी. मानस म्हणजे बांधातले पाण्याचे दार. दिवाडी-चोडणला अशी खाजने आहेत. भरतीचे खारे पाणी बाहेरून दाबते तेव्हा लाकडी दरवाजे त्या दाबानेच मिटतात, ओहोटीला आतले पाणी ढकलते तेव्हा ते उघडतात. वीज नको, माणूस हजर असायला नको. मात्र बांध दरवर्षी मातीने लिंपावा लागतो. जिथे ती राखण थांबली तिथे खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपू लागले, मग बांधाला खांड पडली आणि खाऱ्या पाण्याने शेते गेली. मानस हुशार आहे, पण बांधाची राखण गावालाच करावी लागते.

आमच्या विहिरीचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. २०१९ च्या अनुभवातून शहाणे होऊन आम्ही वर्गणी काढली, गाळ उपसला, वर जाळी बसवली आणि विजेचा पंप लावला. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, माडांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले. आमची वीज दोन दिवस नव्हती, त्यामुळे नळाला पाणी नव्हते, आणि विहिरीचा पंपही मुकाट होता. मे महिना असल्याने पाणी खोल होते, आणि कपड्यांच्या दोरीचा डाव या वेळी पुरला नाही. जाळीचे नटबोल्ट गंजून घट्ट बसले होते, ते काढायलाच अर्धा दिवस गेला.

त्यानंतर मी म्हापशाच्या बाजारातून काथ्याचा जाड दोर, लोखंडी कप्पी आणि पोहरा आणला. कप्पी अजून लागलेली नाही, कारण जाळीला झाकण करायचे की जाळीच काढायची, यावर वाड्यावर एकमत होत नाही. लहान मुले आहेत, भीतीही खरी आहे. दोर माझ्या पडवीत खुंटीला आहे. माई येता-जाता त्याला हात लावून पाहतात आणि ओल लागली आहे, उन्हात घाल, असे सांगतात.