कशेळीचा सडा, पहाटेची मीडियम वेव्ह आणि ती पाखाडी

रेडिओवर लांबची स्टेशनं ऐकायला कोकणात जाणार असाल तर समुद्राकडची खोली घेऊ नका. माझे जादाचे बाराशे रुपये त्यातच गेले. "एकदम समुद्राला लागून, आवाज म्हणाल तर फक्त लाटांचा," असं फोनवर सांगितलं होतं. रत्नागिरीच्या दक्षिणेला, गावखडी-कशेळीच्या पट्ट्यातली ती खोली समुद्राला लागून होतीच. पण रेडिओ लावला तर ५५८ किलोहर्ट्झवरची मुंबईची अस्मिता वाहिनीसुद्धा घरघरीखाली दबलेली. घरघर विजेच्या उपकरणांची: भिंतीपलीकडे इन्व्हर्टर, अंगणभर एलईडीच्या माळा, वर मोबाइलचे चार्जर. पाच मिनिटं मेन स्विच पाडू का विचारलं, तर इतर पाहुणे आहेत म्हणाले. ते ठीक आहे, पण मग शांततेचे पैसे कसले लावता?

समुद्राचा फायदा खोटा नाही. खारं पाणी विजेचं चांगलं वाहक असतं, त्यामुळे पश्चिमेकडून येणारी मीडियम वेव्ह, म्हणजे रेडिओची मध्यम लहर, जमिनीपेक्षा पाण्यावरून कितीतरी कमी झिजते. पण हा फायदा कड्याच्या टोकावरही मिळतो, आणि तिथे विजेची तार नसते. म्हणून जायचं ते सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या पठारावर. खाली पुळणीत, वाळूवर बसून काही हाती लागणार नाही.

आता पाखाडीबद्दल, म्हणजे सड्यावर चढणाऱ्या पायवाटेबद्दल. "पाखाडी हाय ना, धा मिन्टात वर," असं वाडीतल्या एका दादांनी सांगितलं. त्यांना लागत असतील दहा मिनिटं. पहिला टप्पा जांभ्याच्या पायऱ्यांचा, चांगला आहे. आंब्याच्या कलमांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, संपला की पायऱ्याही संपतात. पुढे सुटे दगड, त्यावर वाळलेलं गवत, दोन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या, आणि हे सगळं पहाटे साडेतीनच्या अंधारात, पाठीवर सामान घेऊन. मला चाळीस मिनिटं लागली. एका ठिकाणी वाट फुटते. डावीकडची रुंद आणि मळलेली दिसते, पण ती गुरांची आहे, घळीत उतरते. उजवीकडची अरुंद वाट धरा. आदल्या दिवशी उजेडी एकदा वर जाऊन आल्याशिवाय अंधारात निघूच नका.

आणि फुरसं. जांभ्याच्या दगडाखाली दबा धरून बसणारा हा साप लांबीने लहान असला तरी विषारी आहे. घोट्याच्या वर येणारे बूट घाला, काठी आपटत चाला, बसायची जागा बॅटरीने नीट बघून घ्या. दगड हाताने उचलायचा नाही, वायर दाबून ठेवायलासुद्धा नाही.

एवढं करून पहाटेच का? संध्याकाळी आपल्याकडची सगळी केंद्रं चालू असतात. रात्री साडेनऊच्या सुमारास १४१३ वर ओमानहून होणारं बीबीसीचं प्रक्षेपण लागलं, पण त्यासाठी सडा चढायची गरज नाही. पहाटे मात्र आकाशवाणीची केंद्रं बंद असतात आणि पश्चिमेला अजून रात्रच असते. दिवसा मीडियम वेव्ह शोषून घेणारा वातावरणातला थर सूर्याबरोबर तयार होतो आणि आखातात सूर्य आपल्यानंतर उगवतो. साडेचार ते पाच पन्नास ही खरी वेळ.

५५८ वर, जिथे दिवसभर मुंबई असते, तिथे स्वच्छ फारसी बोलणं चाललं होतं. पुरुषाचा आवाज, मागे तारवाद्य, मग बाईचा आवाज. हळूहळू खाली जायचं आणि पुन्हा वर यायचं. थंडीने बोटं वाकत नव्हती, तरी मी एकेक मिनिट वहीत टिपत होतो. मग त्यावर आकाशवाणीची संकेतधून चढली आणि फारसी पार बुडाली. त्या पाऊण तासासाठी मी ती पाखाडी परत चढेन.

वीस मीटर वायर नेली होती. माझ्या रेडिओला मीडियम वेव्हवर तिचा काही उपयोग झाला नाही, उलट जवळची जोरदार केंद्रं सगळ्या पट्ट्यावर पसरली. रेडिओतली फेराइटची कांडी, म्हणजे आतला अँटेना, पुरते, फक्त ती फिरवायला शिका. कांडीचं टोक ज्या दिशेला, तिथलं स्टेशन दबतं. कशेळीहून रत्नागिरी उत्तरेला आहे, म्हणून कांडी दक्षिणोत्तर धरली की ११४३ वरचं रत्नागिरी केंद्र खाली बसतं आणि पश्चिम मोकळी होते. अमेरिकेहून आणलेला रेडिओ बहुधा १० किलोहर्ट्झच्या टप्प्यावर असतो, तो ९ वर करा. पॉवर बँक रेडिओला लावू नका, तीच गुणगुणते. साधे सेल न्या. दव भरपूर पडतं, प्लास्टिकचा कागद हवा.

स्टेशनला ऐकल्याचा रिपोर्ट पाठवणार असाल तर जागतिक वेळेसाठी आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करा आणि पहाटे साडेपाचच्या आधीचं ऐकलेलं असेल तर तारीखही बदला: १२ तारखेची पहाटेची ५:१० म्हणजे ११ तारखेचे २३:४०.

उजाडता उजाडता एफएमवर अरबी गाणं लागलं आणि मी उभाच राहिलो. समुद्रावर दमट हवा आणि तिच्यावर कोरडी, उबदार हवा असली की लहरी त्या थरात कोंडून दूरवर जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर अरबस्तानचा किनारा उमटला होता तो यामुळेच. हे रोज घडत नाही, पण एफएमचा पट्टा फिरवल्याशिवाय खाली उतरू नका.

पावस, पूर्णगड, कनकादित्याचं देऊळ, सगळं छान आहे, त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय. सड्यावर कातळशिल्पं आहेत, कशेळीचा हत्ती तर प्रचंड आहे. त्यांच्यावर पाय देऊ नका, वायरीसाठी खुंट्या तर मुळीच ठोकू नका.

रत्नागिरीहून पावसमार्गे जाणारी एसटी पकडा. खोली सड्यावरच्या वाडीत, साध्या घरात विचारा. तिथे राहिलात तर पाखाडीच लागत नाही. आगाऊ पैसे देण्याआधी रेडिओ ५५८ वर लावून अंगणात एक फेरी मारा. घरघर असेल तर पुढच्या घरी जा.