गोदामावरचा पीसी: केस बदलली त्याची नोंद

मार्च

आमचं घर सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ. खाली काकांचं हळदीचं गोदाम, वरच्या खोलीत माझा पीसी (प्रोसेसर रायझन ५ ५६००, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, लहान मापाचा मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड). सौदे जोरात असले की पोती हलतात आणि पिवळा धुरळा जिन्यानं थेट वर येतो. परवा गेम खेळताना ग्राफिक्स कार्ड ८४ अंशांवर गेलं, म्हणून बाजूचं पॅनेल काढलं. हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, पिवळी साय धरलेली. आई डोकावून म्हणाली, "ह्याला हळद लावलीस व्हय रे? लग्न कधी?"

जुनी केस, म्हणजे पीसीचा बाहेरचा डबा, मी २०२१ मध्ये निव्वळ दिसण्यावर घेतली होती. पुढं अख्खी काच, कडेला बोटभर फट, फिल्टर नावाला नाही. काचेमागचे तीन रंगीत पंखे हवेसाठी तडफडतायत आणि वरचे दोन, मागचा एक असे तिघं मोकळेपणानं हवा बाहेर फेकतायत. म्हणजे आत ऋण दाब, बाहेरपेक्षा कमी. कमी पडलेली हवा मग मिळेल त्या फटीतून आत शिरते. खात्री करायला देवघरातली उदबत्ती आणून मागच्या पीसीआय स्लॉटपाशी (कार्ड बसवायच्या खाचांपाशी) धरली. धूर सरळ आत ओढला गेला. उदबत्तीचा हा खेळ सगळ्यांनी एकदा करून बघा, फुकटात कळतं.

एप्रिल

आधी जुगाड. आईची जुनी ओढणी फटींवर ताणून लावली. धूळ थांबली, पण हवाही थांबली. प्रोसेसर सहा अंशांनी चढला. ओढणी काढून डासांची जाळी लावली, तर हळदीची पूड त्यातून अशी गेली जणू जाळी नाहीच. विणीचं गणित इथंच अडतं: बारीक वीण धूळ अडवते आणि पंख्याचा गळाही आवळते.

आमच्याकडं सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, तोंड बंद, हवा जायला जागा नाही, म्हणून हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली. ओढणी ताणताना मी पीसीचं पेवच करत होतो. केसमध्ये हवा जायलाच हवी, आणि हवेबरोबर धूळ येणारच. मग ती कुठं बसावी एवढंच आपल्या हातात.

हे डोक्यात बसल्यावर केस बघायची नजर बदलली. काच, लाइट, पंखे किती, हे सगळं मागं. पहिला प्रश्न: पुढचा फिल्टर स्क्रू ड्रायव्हरशिवाय निघतो का? दुसरा: खालचा, पॉवर सप्लायचा फिल्टर कुठून निघतो? मागून निघत असेल तर टेबल भिंतीपासून ओढल्याशिवाय तो निघत नाही, आणि जे सहज निघत नाही ते मी तरी साफ करणार नाही. लियान लीची लॅन्कूल २१६ मोहात पाडत होती, पुढं १६० मिलिमीटरचे दोन पंखे. पण माझ्या टेबलाखाली ती अवजड झाली असती. शेवटी मिरजेतल्या एका मुलाकडून वापरलेली कोर्सेअर ४०००डी एअरफ्लो घेतली. पुढं जाळी, वर चुंबकानं चिकटणारा फिल्टर. हिचा खालचा फिल्टर मात्र मागूनच निघतो, म्हणून टेबल भिंतीपासून हातभर पुढं घेतलं.

मे

जोडणी एका रविवारात उरकली. पुढून १२० मिलिमीटरचे तीन आत, मागून एकच बाहेर. वर पंखा नाही, छत फिल्टरनं तसंच झाकलेलं. पंख्यांची नुसती संख्या मोजून चालत नाही हं. फिल्टरमागचा पंखा दमतो. म्हणून पुढचे मिनिटाला ९५० फेऱ्यांवर, मागचा ७०० वर ठेवला आणि परत उदबत्ती. आता स्लॉटपाशी धूर बाहेर ढकलला जातो! बाहेर ३९ अंश असताना त्याच गेमला कार्ड ७२ वर थांबलं.

जुलै

फिल्टर पहिल्यांदा धुतला आणि दचकलो. कपड्याचा साबण लावताच पिवळी जाळी लालभडक. हळदीत अल्कली पडली की ती लाल होते, हळदीला चुना लावून कुंकू करतात ते ह्याच गुणावर. चांगलं पाणी मारल्यावर लाली गेली, पिवळा डाग राहिला, तो गच्चीवर दोन उन्हांत फिका पडला. पावसात ऊन मिळेना म्हणून फिल्टर पूर्ण वाळेपर्यंत पीसी बंद ठेवला. ओला फिल्टर परत बसवू नका.

आतून फक्त ब्लोअर मारला. पंख्याचं पातं बोटानं धरूनच मारायचं. मोकळं सोडलं की ते भन्नाट फिरतं, बेअरिंगवर ताण येतो आणि पंखा जनित्रासारखा उलटी वीज बोर्डाकडं ढकलू शकतो. हीटसिंकवर ह्या वेळी साय नव्हती, नुसता हात फिरवल्यासारखी पूड.

नोव्हेंबर

ऊसतोड सुरू. शिवारात पाचट पेटलं की काळी राख गच्चीवर उतरते, आणि आता फिल्टरवरही. पिवळ्यावर काळं. ही राख हळदीसारखी चिकटत नाही, दाराबाहेर दोनदा झटकली की निघते. आधी महिन्यातून एकदा पुरायचं, आता दर रविवारी झटकतोय. कार्ड आज ६८ वर आहे, पण त्यात थंडीचाही वाटा आहे. खरी परीक्षा परत मार्चमध्ये, पोती हलायला लागल्यावर.