लांब खांबांचा सराव : सहा आठवड्यांची नोंद

दारावरच्या क्रोशाच्या तोरणाला खाली झालर लावायची आहे आणि तिथे साधा खांब, म्हणजे सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन विणलेला उभा टाका, बुटका दिसतो, म्हणून दोन आणि तीन वेढ्यांचे खांब शिकायला घेतले, त्याला आता सहा आठवडे झाले. मुका खांब आणि अर्धा खांब हे त्याहून बुटके टाके आणि साधा खांब हातात पक्के बसलेले असल्यामुळे एक-दोन वेढे अधिक घेतले की काम भागेल, असा माझा समज होता. पहिल्याच तुकड्याने तो खोटा ठरवला.

तोरणाचा बारीक २० नंबरचा दोरा सरावाला न घेता, मी जाडसर सुती दोरा आणि २.५ मिलिमीटरची सुई घेतली, कारण चूक नेमकी कुठे झाली हे डोळ्यांना दिसले पाहिजे. कृती सांगायला सोपी आहे : सुईवर दोन वेढे घेऊन सुई टाक्यात घालावी आणि दोरा ओढून आणावा, म्हणजे सुईवर चार फास होतात, ते दोन-दोन करून तीन वेळा सोडवले की खांब पुरा होतो. तीन वेढे घेतले तर फास पाच होतात आणि ते चार वेळा सोडवावे लागतात.

पहिल्या तुकड्यासाठी २३ साखळ्या (एकातून एक ओढलेले फास) घातल्या, चार सोडून पाचवीत पहिला खांब घेतला आणि सोडलेल्या चार साखळ्यांचा एक खांब धरून २० खांब मोजून घेतले. चौथ्या ओळीला पुन्हा मोजले, तर ते १७ भरले. तुकडा एका बाजूने निमुळता होत चालला होता आणि मी मात्र हात घट्ट पडत असेल अशी स्वतःची समजूत घालत होते. खरे कारण असे होते की ओळ वळवताना घातलेल्या चार साखळ्यांना पहिला खांब मानून मी त्याखालचा टाका बरोबर सोडत होते, पण ओळीच्या शेवटी आधीच्या ओळीतल्या त्या साखळ्यांच्या टोकात खांब घ्यायला विसरत होते, त्यामुळे दर ओळीला एक खांब गळत होता. तेव्हापासून वळल्यावर सर्वांत वरच्या साखळीत लाल दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवते. दिसायला बालिश उपाय आहे, पण त्यानंतर एकही ओळ उसवावी लागलेली नाही.

कडेला पडणाऱ्या भोकाने मात्र बराच काळ छळले. चार साखळ्यांची उभी दोरी आणि तिच्या शेजारचा खांब यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट राहत असे. माझ्या साखळ्या मुळातच सैल पडतात, म्हणून चारऐवजी तीनच घालून पाहिल्या, आणि फट निम्म्याहून कमी झाली. पुस्तकात चार लिहिल्या आहेत म्हणून चारच घालायच्या, हा हट्ट मी सोडला आहे.

खांबांची उंची एकसारखी का येत नाही, याचा उलगडा चौथ्या आठवड्यात झाला. उंची वेढ्यांवरच अवलंबून असते असे मला वाटत होते. प्रत्यक्षात टाक्यातून दोरा ओढून आणताना जो पहिला फास वर येतो, तो किती उचलला यावर बरेच काही ठरते. एका खांबाला तो कमी आणि शेजारच्याला जास्त उचलला, तर वेढे तेवढेच असूनही ओळ डुगडुगते. आता फास सुईच्या जाड भागावर येईपर्यंत उचलायचा, तिथे क्षणभर थांबायचे आणि मगच सोडवायला लागायचे, एवढा एकच नियम पाळते. वेढेसुद्धा सुईच्या टोकाच्या आकडीजवळच्या बारीक मानेवर न घेता जाड भागावर घ्यावे लागतात. मानेवर घेतलेले वेढे आवळले जातात आणि त्यांतून आकडी बाहेर काढताना दोरा फाटतो. तीन वेढ्यांच्या खांबात सर्वांत आधी घेतलेला वेढा घसरून वर एक लोंबता फास राहत असे, तो आता तर्जनीने दाबून धरते.

नमुने वाचताना आणखी एक खड्डा लागतो. ब्रिटिश पद्धतीत ज्याला ट्रेबल म्हणतात तो आपला साधा खांब आहे, आणि अमेरिकी पद्धतीत तेच नाव दोन वेढ्यांच्या खांबाला आहे. त्यामुळे शब्दांपेक्षा चिन्हांचा तक्ता मला भरवशाचा वाटतो : उभ्या दांडीवर तिरप्या रेघा दोन असतील तर वेढे दोन, तीन असतील तर तीन.

मध्ये एकदा तोरणातली ‘शुभ लाभ’ ही अक्षरेही दोन वेढ्यांच्या खांबांनी विणून पाहिली. ही अक्षरे जाळीच्या भरलेल्या आणि रिकाम्या घरांतून उमटतात; अशा घरात दोन खांबांमध्ये दोन साखळ्या ठेवल्या तर साध्या खांबाने घर जवळजवळ चौकोनी येते. लांब खांबाने ते उभट झाले आणि ‘शुभ’ उपाशी माणसासारखे दिसू लागले. साखळ्या तीन केल्यावर घरे सुधारली, पण तोरण चौकटीपेक्षा रुंद झाले. तेव्हा अक्षरांना साधा खांबच ठेवायचा आणि लांब खांब फक्त झालरीत वापरायचे, असे ठरवले आहे.

झालरीची एक पाकळी २० नंबरच्या दोऱ्याने आणि १.२५ मिलिमीटरच्या सुईने विणून झाली आहे. तिच्यात मधले पाच खांब तीन वेढ्यांचे, त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन खांब दोन वेढ्यांचे आणि कडेला एक-एक साधा खांब असा चढ-उतार आहे. अशा २१ पाकळ्या लागतील; दुसरीचा तिसरा खांब या क्षणी सुईवर आहे.