तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीखालच्या दोन दांड्या

"आणि ते खालचं कोण काढतं हो?"

हळदीकुंकू असो की लग्नाची पंगत, आमच्या कॅराव्हॅनचा विषय निघाला की पाच मिनिटांत बोलणं इथे येऊन ठेपतं. खालचं म्हणजे गाडीतल्या संडासाच्या टाकीतलं. बायका आवाज उतरवून मला विचारतात. पुरुष मोठ्याने ह्यांना विचारतात, आणि हे माझ्याकडे बोट दाखवतात. आमची वाटणीच तशी आहे. चालवायचं ह्यांनी, गाडीखालचं मी. हल्ली इंदूरमधली एक-दोन मंडळी स्वतः जुनी कॅराव्हॅन घ्यायच्या विचारात आहेत. त्यांचा प्रश्न जरा पुढचा असतो, "त्या टाक्यांचे व्हॉल्व्ह गळत नाहीत का?" दोघांनाही एकदमच सांगून टाकते. जेवताना मात्र वाचू नका.

गाडी मूळची मिनी बस. आधीच्या मालकाने सीटा काढून आत ओटा, दोन पलंग आणि मागच्या कोपऱ्यात एवढासा संडास करून घेतला. खाली दोन टाक्या. एकीत संडासाचं जातं, दुसरीत ओट्याचं आणि आंघोळीचं पाणी. प्रत्येक टाकीला आपापला व्हॉल्व्ह. संडासाचा तीन इंची, ओट्याचा दीड इंची, दोन्ही अमेरिकन गाड्यांना असतात त्या पद्धतीचे. पुढे दोन्ही पाईप एका तोंडाला मिळतात आणि त्या तोंडावर झाकण. बाहेरून दिसतात त्या फक्त दोन दांड्या. ओढली की उघडतं, ढकलली की बंद.

लोकांना वाटतं, त्रास देत असणार तो संडासाचा व्हॉल्व्ह. तसं नाही. तो बिचारा गुणी आहे. छळतो तो ओट्याचा.

कारण कळायला व्हॉल्व्हच्या पोटात डोकवावं लागेल. जुन्या लाकडी पेटीचं सरकतं झाकण आठवा, तसं एक प्लॅस्टिकचं पातं खाचेतून मागेपुढे सरकतं. पात्याच्या दोन्ही अंगांना रबरी सील. हे सगळं दोन पाईपांच्या मध्ये धरून चार बोल्ट आवळलेले. बस, एवढंच यंत्र. बिघडतं ते खाचेत. पातं ओढलं की खाच उघडी पडते, वाहणाऱ्या पाण्यातला गाळ तिच्यात बसतो आणि दांडी ढकलताना पातं तोच गाळ आणखी आत ठासतं. मग पातं शेवटपर्यंत पोचत नाही, केसाएवढी फट राहते, आणि झाकणामागे थेंब थेंब साचत जातं.

अमेरिकेतल्या गाड्यांच्या माहितीत ह्या गाळाचा मुख्य आरोपी कागद असतो. तिथे संडासात कागद पडतो, पाणी कमी पडतं, लगदा होतो, लगदा खाचेत वाळतो. आपल्याकडे कागदच नाही. जेट आणि मग असल्यावर टाकीत पाणीच पाणी. टाकी लवकर भरते हे खरं, पण व्हॉल्व्ह स्वच्छ राहतो.

ओट्याकडे मात्र आपला सगळा स्वयंपाक जातो. गाडी आमच्याकडे आल्यावर आम्ही तो दीड इंची व्हॉल्व्ह खोलला. खाचेत काय होतं सांगू? बडीशेप, मोहरी, चहाची भुकटी, फुगून लिबलिबीत झालेली शेव, आणि हे सगळं हळदीच्या तेलकट चिकट्याने एकमेकांना धरून बसलेलं. पोहे इंदुरी होते एवढं ओळखू येत होतं! सुरीच्या टोकाने मोहरीचा एकेक दाणा काढला. रबराला त्या दाण्यांचे खळगे पडले होते, म्हणजे ते सील गेलंच. सीलचा जोड ऑनलाइन मागवला. जुनं काढताना मोबाईलवर फोटो घेऊन ठेवला, कारण सीलची कुठली बाजू कुठे हे नंतर कुणालाच आठवत नाही. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. एकच कचकचून आवळला तर पातं तिरकं धरलं जातं आणि दांडी दोन्ही हातांनी ओढावी लागते.

तेव्हापासून ओट्याचे नियम माझे. सिंकच्या भोकावर बारीक जाळी. कढई आणि तुपाचं पातेलं आधी कागदाने किंवा पोळीच्या तुकड्याने पुसायचं, मगच पाणी. चहाचा गाळ डब्यात. डिसेंबर-जानेवारीत माळव्यात रात्री चांगल्याच गारठतात, तेव्हा टाकीतलं तूप थिजून थेट पात्यावर बसतं. सकाळी रिकामी करायच्या आधी बादलीभर कोमट पाणी सोडलं की सुटतं. उकळतं नको, प्लॅस्टिकचं काम आहे.

आता तेलाबद्दल. "टाकीत थोडं गोडं तेल ओता, व्हॉल्व्ह मऊ राहतो" असं पुष्कळजण सांगतात. तेल पाण्यावर तरंगतं आणि व्हॉल्व्ह असतो तळाशी, एवढं लक्षात घेतलं तर उत्तर मिळतं. टाकी पूर्ण रिकामी होताना शेवटच्या क्षणी ते पात्याला लागलं तर लागलं. ओट्याच्या टाकीत तर आधीच जास्त झालंय. काही लावायचंच असेल तर व्हॉल्व्ह खोललेला असताना सिलिकॉन ग्रीस लावावं, इंदूरच्या सियागंज बाजारात मिळतं. गाडीच्या बेअरिंगचं ग्रीस हाताशी असतं म्हणून फासू नका, पेट्रोलियमच्या तेलाने बरीच रबरं फुगतात. काही गाड्यांत सरळ दांडीऐवजी केबल असते. तिथे ओढायला जड गेलं तर व्हॉल्व्हला नावं ठेवण्याआधी केबल गंजलीय का ते बघावं.

रिकामी करायचा क्रम. हातमोजे, जुना सलवार-कुर्ता. दोन्ही दांड्या पूर्ण आत आहेत ना ते पाहायचं. झाकणाखाली पसरट टब, मग झाकण हळूहळू फिरवायचं. टबात काहीच पडलं नाही तर व्हॉल्व्ह ठीक. साबणाचं गढूळ पडलं तर ओट्याचा गळतोय. तिसरा प्रकार सांगायला नको. मग जाड होज फिरवून खटक्यात बसवायचा आणि एकदा ओढून बघायचा. दुसरं टोक ड्रेनेजच्या चेंबरमध्ये, त्यावर वीट. वीट विसरू नका, पहिल्या जोरात होज उसळतो.

आता संडासाची दांडी, एका दमात, पूर्ण बाहेर. भीतभीत अर्धी ओढली तर पाणी निघून जातं आणि जड ते मागे राहतं. आधी गडगडाट होतो, मग आवाज पातळ होत जातो. थांबला की दांडी बंद, वर जाऊन संडासातून दोन बादल्या पाणी, पुन्हा एकदा ओढायची. ती बंद झाल्यावरच ओट्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने होज आपोआप धुतला जातो. दांडी आत जाताना शेवटी अडखळली तर जोर लावू नये. पाणी चालू ठेवून दोन-चारदा पटपट आत-बाहेर करावी, बहुतेक वेळा खाचेतलं निघून जातं.

टाकी निदान अर्ध्यावर आल्याशिवाय संडासाची दांडी मी ओढत नाही. कमी असेल तर आधी पाणी भरते. नातेवाइकांच्या शेतावर चार दिवस मुक्काम असला की होज त्यांच्या सेप्टिक टँकला जोडून दांड्या ओढूनच ठेवाव्यात असा मोह होतो. ओट्याची ठेवली तर एक वेळ चालेल. संडासाची ठेवली की पातळ सगळं निघून जातं आणि बाकीचं तळाला थरावर थर चढत सुकतं. मग ते फोडायला जे करावं लागतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि टाकीत वासाचं औषध घालत असाल तर फॉर्मालिनचं नको. सेप्टिक टँकमधले जे जंतू काम करतात तेच त्याने मरतात, आणि टँक दुसऱ्याचा असतो.

"पण सोडता कुठे?" हा उपप्रश्न. घरी असलो तर अंगणातल्या आमच्याच ड्रेनेजच्या चेंबरमध्ये. प्रवासात ज्या हॉटेलचा किंवा पंपाचा सेप्टिक टँक असेल त्यांना विचारून, पैसे देऊन. नाही म्हणाले तर पुढे. रस्त्याकडेच्या नाल्यात कधीच नाही, रात्रीही नाही, कुणी बघत नसलं तरी नाही.

२०१७ पासून आम्ही इंदूरवाले सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून छाती काढून हिंडतो, २०२१ मध्ये 'वॉटर प्लस', म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यात न सोडणारं, म्हणवणारं देशातलं पहिलं शहरही झालो. पण मला त्या पाट्यांपेक्षा उतार जास्त पटतो. शहरातले नाले कान्ह नदीला मिळतात, कान्ह उज्जैनला त्रिवेणीपाशी क्षिप्रेला. २०१६ च्या सिंहस्थासाठी कान्हचं पाणी घाटांना वळसा घालून पुढे सोडायला पाइपलाइन टाकावी लागली, ती का, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरीकडे गेलात तरी सुटका नाही. ओंकारेश्वरला नर्मदेत जे जाईल ते खाली नदीकाठच्या जलूद गावाकडे येतं, आणि १९७८ पासून त्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, पंपाने वर चढवलेलं पाणी आमच्या नळाला येतं. ओंकारेश्वरला दर्शन घेऊन काठावर दांडी ओढणारे मी पाहिले आहेत. घरी येऊन ते कुठलं पाणी पितात?

ढाब्यांवर "माणूस बोलवतो, शंभर-दोनशेत करून देईल" असं सहज म्हणणारे भेटतात. आम्ही नाही म्हणतो. कुणाकडून हाताने मैला काढवून घेणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी आमच्या चार जणांचं आम्हीच काढलं असतं. वीस मिनिटांचं काम, मोजे आणि साबण पुरे.

गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाक्या अगदी कोरड्या ठेवू नयेत. उन्हाळ्यात रबर वाळून पात्याला चिकटतं. थोडं स्वच्छ पाणी राहू द्यावं आणि येता-जाता दोन्ही दांड्या हलवाव्यात.

जुनी गाडी बघायला जाणाऱ्यांना एकच सांगते. मालक कौतुकाने म्हणेल, "टाक्या धुऊन कोरड्या करून ठेवल्यात." कोरड्या टाकीचा व्हॉल्व्ह गळेल कसा? आदल्या संध्याकाळी दोन्ही टाक्यांत पाणी भरून ठेवायला सांगा. सकाळी टब घेऊन जा, आणि झाकण तुम्ही स्वतः उघडा.