आमची वाटचाल : पाककृतींची पुस्तकं आणि आमचं नाव

पुस्तकांच्या मांडणीचं काम सुरू केलं तेव्हा पेजमेकर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर आणि श्री-लिपीचे मराठी फॉन्ट यांचा जमाना होता, एका ऑफिसची फाइल दुसरीकडे उघडली की अक्षरांचा पार कचरा, ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. पार्टनर चित्रं काढायचा, मी मजकूर लावायचो.

आमचं नाव झालं ते एका काकूंच्या पुस्तकाने. काकू प्रूफ टेबलावर वाचायच्याच नाहीत, ओट्यावर ठेवायच्या आणि उभ्याने, हात ओले असताना वाचायच्या. तेव्हाच ठरलं, ११ पॉइंटच्या अक्षराला १६चं लीडिंग (एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर), म्हणजे वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत घुसत नाहीत. डावीकडे साहित्याचा अरुंद कॉलम, तो जस्टिफाय (दोन्ही कडा सरळ) करायचा नाही, नाहीतर शब्दांमध्ये खिंडारं पडतात. साहित्याचा क्रम ज्या क्रमाने लागतं तोच. आणि कृती समोरासमोरच्या दोन पानांत संपलीच पाहिजे, पीठाच्या हाताने पान उलटायला लावायचं नाही.

दुसरी आवृत्ती प्रकाशकाने दुसऱ्या फर्मला दिली, रेट कमी म्हणून. फाइल आमचीच, फॉन्ट त्यांनी बदलला. त्यात तिरकी रेघ गायब झाली आणि "१/२ चमचा मीठ"चं झालं "१२ चमचा मीठ", "साऱ्या"चं "सार्या". मांडणी म्हणून नाव मात्र आमचंच राहिलं! फोन आम्हाला, शिव्या आम्हाला, हातातली कामं गेली, बिलं अडकली, पार्टनर नोकरीला लागला आणि ऑफिस बंद करायची वेळ आली. काकूंनी दोन्ही आवृत्त्या प्रकाशकासमोर शेजारी शेजारी उघडून ठेवल्या, चूक कोणाची ते पानावर दाखवलं, आणि पुढचं पुस्तक आम्हाला दिलं, पूर्ण पैसे आगाऊ देऊन. त्यावर आम्ही उभे राहिलो. पुढची वर्षं बरी गेली.

नवीन मुलांना सांगतो, फॉन्ट निवडताना आधी ½, ¼ आणि ऱ्या टाइप करून बघा, सुंदर दिसतो की नाही ते नंतर. ल आणि श मराठी वळणाचे हवेत, टिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये ते मिळतात. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सेटिंग लावल्याशिवाय जोडाक्षरांवर विश्वास ठेवू नका. गडद फोटोवर बारीक पांढरी अक्षरं तर अजिबात नको, रंगीत छपाईच्या चार शाईंपैकी एक केसभर सरकली की बारीक रेघा बुजतात. काळा मजकूर फक्त काळ्या शाईत. प्रिंटआउट खऱ्या मापात काढा आणि हातभर लांबून वाचा, स्क्रीनवर झूम करून काही कळत नाही.

त्या प्रकाशकाकडून आजवर माफीचा एक फोन नाही आला आणि त्यांच्या नव्या पुस्तकांत डावीकडचा अरुंद कॉलम जसाच्या तसा आमचा आहे, कुणीही दोन्ही पुस्तकं पट्टी लावून मोजावीत.