भाऊजींच्या गोळ्या आणि तालुक्याचा दवाखाना

माझे धाकटे दीर स्किझोफ्रेनिया या मनाच्या आजाराचे पेशंट आहेत. हे मी आता गावात कुणाहीसमोर बोलते. म्हणून बचत गटाची बैठक उठली की एखादी बाई मागं थांबते आणि हळूच विचारते, "दवाखाना कुठला? कागद काय काय लागतात? पैसे किती गेले?" आम्ही हे कसं पार पाडलं, ते एकदा सगळं लिहून काढते. आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगराकडेला. घरी सोयाबीन, थोडी ज्वारी आणि दोन म्हशी.

भाऊजी तेव्हा पंचविशीच्या आत होते. आधी त्यांची झोप गेली. रात्रभर अंगणात येरझाऱ्या घालायचे. मग विहिरीवरची मोटार चालू केली की तिच्या आवाजात कुणीतरी आपल्याला शिव्या घालतंय, असं म्हणू लागले. पुढं मोटार बंद असली तरी शिव्या ऐकू यायला लागल्या. अंघोळ सुटली, मित्र सुटले. आणि एक दिवस त्यांनी जेवण सोडलं, कारण जेवणात काहीतरी कालवलेलं असतं असं त्यांच्या मनानं घेतलं. स्वयंपाक मीच करत होते. मी ताट वाढून द्यायचं बंद केलं. भाकरीचं टोपलं आणि कालवणाचं पातेलं मधोमध ठेवायचं, आधी मी घ्यायचं, मग त्यांनी हवी ती भाकरी आपल्या हातानं उचलायची. ते वरच्या भाकरी बाजूला सारून तळातली ओढून घ्यायचे, पण खायचे. पुढं दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "हेच चालू ठेवा. खा खा म्हणून मागं लागू नका."

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ही करणी वाटली. येरमाळ्याच्या येडेश्वरीला नवस झाला, तुळजापूरला जाऊन आलो. मला त्यात काही वावगं वाटत नाही. देवाला जाऊन आलं की त्या माउलीला दोन घास गोड लागायचे. पण कुणाच्या तरी सांगण्यावरून आम्ही एका बाबाकडं गेलो. त्यानं भाऊजींना साखळीनं खांबाला बांधलं आणि छडी उचलली. "मार ह्याला लागत न्हाई, आतल्याला लागतो," म्हणाला. आमच्या मालकांनी त्याचा हात धरला, साखळी सोडवली आणि भावाला घेऊन तडक घरी आले. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला बांधून मारणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. हे गावागावात माहीत व्हायला पाहिजे, कारण अशा ठिकाणी आजही रांगा लागतात.

वाट दाखवली ती आशाताईंनी. शेतकरी आत्महत्या जास्त असलेल्या १४ जिल्ह्यांत सरकारचा प्रेरणा प्रकल्प चालतो, त्यात आमचा जिल्हा आहे. त्यासाठी आशाताई घरोघर फिरून प्रश्न विचारतात : झोप लागते का, कशात मन लागत नाही असं होतं का, जीव नकोसा वाटतो का. आमच्या दारात त्या फॉर्म घेऊन बसल्या आणि आत्याबाई पहिल्यांदा परक्या माणसापुढं रडल्या. ताईंनीच १४४१६ हा नंबर लावून दिला. टेली मानस म्हणतात त्याला. मनाच्या त्रासासाठी १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही सरकारी सेवा आहे, फोन फुकट, दिवसरात्र चालू, आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी घाई न करता विचारलं. ते स्वतःला काही करून घेतील असं वाटतं का, कुणाच्या अंगावर जातात का, दारू आहे का. मग जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग कुठं आहे, काय बरोबर न्यायचं, ते सांगितलं. तोवर असा विभाग आपल्या जिल्ह्याच्या गावी आहे, हेच आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

आता भाऊजींना न्यायचं कसं? "मला काय झालंय?" हा त्यांचा प्रश्न, आणि त्यांच्या बाजूनं तो खराच होता. फसवून गाडीत घालायला मी तयार नव्हते. मी एवढंच म्हणाले, "भाऊजी, तुम्हाला झोप नाही. झोपेचं औषध आणू चला." झोप नाही हे त्यांनाही पटत होतं, त्यामुळं ते एसटीत बसले.

तिथं केसपेपर काढला, डॉक्टरांनी आधी त्यांच्याशी एकट्याशी बोलून घेतलं, मग आम्हाला आत घेतलं. एक गोष्ट त्यांनी समजावली ती आजही घरात पाळतो : आवाज ऐकू येतात म्हणाले की "काही नाही, भास आहे" म्हणून वाद घालायचा नाही, आणि "हो, मलाही येतो" असंही म्हणायचं नाही. "तुम्हाला त्रास होतोय ना, बसा इथं," एवढंच म्हणायचं. रात्रीला रिस्परिडोनची गोळी सुरू झाली. झोप लवकर आली. आवाज जायला मात्र दीड-दोन महिने लागले, आणि पुरते गेले नाहीतच. "आता लांबून येतात, वहिनी," असं ते म्हणाले, तेव्हा आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मधल्या काळात हात थरथरायचे, म्हशीची धार काढताना बोटं ताठ व्हायची, कास धरवायची नाही. पुष्कळ लोक इथंच औषध सोडतात आणि गोळ्यांनी माणूस खराब होतो म्हणतात. आम्ही डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी डोस थोडा कमी केला, जोडीला ट्रायहेक्सीफेनिडिल दिली आणि बोटं मोकळी झाली. औषधाचा त्रास होत असेल तर तो सांगायचा असतो, त्यावरही औषध असतं.

आम्ही एक वही घातली. तारीख, झोप किती, गोळी घेतली का, काय बोलले. "मंगळवार. रात्री चांगली झोप. गोळी घेतली. गोठ्यात एकटेच हसले. संध्याकाळी आपणहून वैरण टाकली." असं दोन-दोन ओळींचं. डॉक्टरांना पेशंटमागं फार वेळ नसतो, वही पुढं ठेवली की महिना त्यांच्या नजरेखालून जातो.

दर महिन्याला जिल्ह्याला जाणं म्हणजे दोघांची मजुरी आणि भाडं. म्हणून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरल्या दिवशी येतं, तिथं नाव लावून घेतलं. हा कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. पथकात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ते, परिचारिका असतात. काही महिने छान चाललं. मग एकदा खिडकीवर ऐकलं, "ही गोळी नाही, बाहेरून घ्या." पुढच्या महिन्यात तेच. बाहेर मिळायला हवी ना! तालुक्याचे मेडिकलवाले ही औषधं ठेवतच नाहीत, कारण खप नाही. खंड पडला आणि थोड्याच दिवसांत भाऊजी पुन्हा अंगणात फिरायला लागले, भाकरी पुन्हा तळातून निघू लागली. ते दिवस आठवले की मला अजून राग येतो. रक्तदाबाची गोळी संपली तर माणूस ओरडतो. मनाच्या आजाराची संपली तर घरचे लाजेनं गप्प परत जातात, म्हणून ती संपलेलीच राहते.

पथकातल्या सामाजिक कार्यकर्त्यांनी मला कायदा दाखवला. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७, कलम १८. यादीतली आवश्यक औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत मनोरुग्णांना कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत, असं त्यात आहे. मी अर्ज लिहिला : "विषय – मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७, कलम १८ नुसार औषधे मिळणेबाबत." चिठ्ठीची झेरॉक्स जोडली. आशाताईंच्या मदतीनं आजूबाजूच्या गावांतल्या आणखी काही घरांच्या सह्या घेतल्या. एक प्रत वैद्यकीय अधीक्षकांना, एक जिल्हा शल्यचिकित्सकांना, आणि एकीवर आवकचा शिक्का मारून ती आपल्याकडं. तोंडी विचारून जे हललं नव्हतं ते या शिक्क्यानंतर हललं. औषध जिल्ह्याच्या भांडारातून आलं. आता साठा संपत आला की औषधनिर्माते स्वतः आम्हाला सांगतात, आणि दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाव्यात म्हणून आम्ही डॉक्टरांकडून तसं लिहूनही घेतो.

दिव्यांग प्रमाणपत्राचं काम कागदांचं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग जिल्हा रुग्णालयात तपासणी. तिथं स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि कामधंदा, या चार बाबी पाहून गुण देतात. सवलतींसाठी ४० टक्के लागतात. भाऊजींना विचारलं तर ते म्हणाले, "मी सगळं करतो." खोटं नव्हतं ते. पण मग डॉक्टरांनी मला विचारलं, "अंघोळीला सांगावं लागतं का? एकटे बाजार करून येतात का?" मी वही दिली. घरचे लोक इथं एक तर लाजेनं झाकतात, नाहीतर जास्त सांगतात. दोन्हीनं पेशंटचं नुकसान होतं. जुने केसपेपर सगळे लागले. आमचं प्रमाणपत्र मुदतीचं आहे, मुदत संपायच्या आधी पुन्हा जावं लागेल. त्यावर तहसीलला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज केला. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडं आणि सेतूत चकरा झाल्या, पण काम झालं. मंजुरी आली तेव्हा महिना १५०० रुपये होते, आता दिव्यांगांना २५०० आहेत. भाऊजींच्या नावावर जमा होतात आणि तेच काढून आणतात.

गावात बोलायला सुरुवात झाली ती लग्नाच्या विषयावरून. भाऊजी जरा सावरले तसे भावकीतले म्हणू लागले, "लगीन लावून द्या, ताळ्यावर येईल." एक मामा स्थळ घेऊन आले, मुलीकडच्यांना काही सांगितलेलं नव्हतं. मी बैठकीतच म्हणाले, आजार सांगून, मुलगी स्वतः हो म्हणत असेल तर पुढं बोलू. स्थळ गेलं. काही दिवस घरात अबोला होता, पण आत्याबाई माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या. परक्याच्या लेकीला औषध समजून घरात आणायचं नाही, हे त्यांनी भावकीला स्वतः सांगितलं.

नंतर पथकाला मी गटाच्या बैठकीला बोलावलं. बायांचे प्रश्न : गोळ्यांची सवय लागते का, बाळंतपणानंतर सून रडत बसते ते नाटक असतं का, शॉक देतात का. मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच. कुणी विष घेतलं तर "पोलीस केस होईल" म्हणून घरच्यांचा दवाखान्यात न्यायला वेळ जातो. २०१७ च्या याच कायद्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, त्याची काळजी घेणं सरकारचं काम आहे. दवाखान्यात नोंद होते, पोलीस जबाब घेतात, त्याला घाबरायचं नाही. आधी माणूस पोचवायचा. त्या बैठकीत हे ऐकून एक म्हातारी उठून बाहेर गेली. तिच्या घरी काय घडलंय ते गावाला माहीत आहे.

भाऊजी आता सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दूध घालतात आणि फॅट लिहून आणतात. तालुक्याला अजून कायमचे मनोविकारतज्ज्ञ नाहीत, पथकाचा दिवस चुकला तर महिना जातो. त्यासाठी पुढचा अर्ज लिहून ठेवलाय, आजूबाजूच्या गावांच्या सह्या घेणं चालू आहे. ज्यांच्या घरी पेशंट आहे त्यांनी आपल्या आशाताईंकडं नाव द्यावं. मी त्यांच्याकडं कोरा कागद ठेवलेला आहे.