चपट्या पाकिटातला समोसा

डिसेंबरात आमच्या छापखान्यात मान वर करायला सवड नसते. लग्नपत्रिका, कॅलेंडरं, वर सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेची हँडबिलं. त्यात एक शेंगा चटणीवाले आले. त्यांना नमुन्याची चटणी समोशाच्या आकारात वाटायची होती. ''चारी बाजू सारख्या पाहिजेत. कशीही ठेवा, दिसायला एकच.''

डीटीपीच्या पोराने स्क्रीनवर चार समभुज त्रिकोण जोडून मांडले, कडांना चिकटपट्ट्या काढल्या. देखणं झालं, पण त्याला वेगळी डाय म्हणजे कापायचा साचा, ढीगभर कातरण आणि डबीमागे तीन तिरक्या कडा हाताने चिकटवणं आलं. दर ऐकून शेटजी गप्पच झाले.

बाइंडिंगचे अण्णा नगावर पैसे घेतात, त्यामुळे चिकटवायच्या कडा आमच्याआधी तेच मोजतात. त्यांनी रॅकमधलं एक साधं, तळ चिकटवलेलं पाकीट उचललं. तोंड उघडलं, बाजूच्या दोन घड्या एकमेकींवर आणल्या आणि तोंड तळाला काटकोनात दाबलं. पाकीट फुगून चार तोंडांचं झालं! पण उंचाडं. सगळ्या कडा सारख्या यायला तोंड नेमकं कुठे कापायचं?

''रुंदीइतकंच की,'' पोरगा म्हणाला. मलाही तेच वाटलं असतं. १० बाय १० सेंमीचं कापून पाहिलं, तरी तळ-तोंडाच्या कडा आखूड आणि बाकीच्या चार लांब.

अण्णांनी पट्टी घेतलीच नाही. पाकिटाला मधोमध उभी घडी घातली. मग तळाचा उजवा कोपरा तसाच दाबून धरला आणि डावा कोपरा उचलून मधल्या घडीवर टेकवला. तो टेकला तिथे नखाने खूण केली. तळाची कड तेवढीच राहिली, नुसती फिरली. म्हणजे खुणेपासून दोन्ही कोपरे रुंदीइतकेच लांब. समभुज त्रिकोण तयार. मोजलं तर १० सेंमी रुंदीला उंची ८.६६ भरली. आत जागा साधारण ११८ घनसेंमी. चौरसाच्या पाकिटात १४४ मावतात, पण शेटजींना सारखेपणा हवा होता.

स्वीडनच्या टेट्रा पॅक कंपनीच्या यंत्रावर १९५२ मध्ये याच युक्तीने सायीची पाकिटं भरायला सुरुवात झाली होती. कागदाची नळी, त्यात माल आणि एक दाब आडवा तर पुढचा उभा. अण्णांना त्याचं काहीच नवल वाटलं नाही.

चटणीला तेल सुटतं, म्हणून आतून प्लास्टिकचा थर असलेला कागद घेतला. सीलच्या पट्टीसाठी दोन्हीकडे थोडी जागा जास्त सोडली. पाकिटं चपटीच पाठवली. भरून तोंड त्यांनीच सील करायचं, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी शेटजींचा फोन. ''ओ, हे तर साधं चपटं पाकीटच होतंय की! समोसा कुठंय?''

अण्णांनी फोन माझ्या हातातून घेतला. ''तुमच्या पोराला सांगा, तळ आडवा आहे ना, मग तोंड उभं दाबायचं.''

पलीकडे कुणीतरी मोठ्याने हसलं, आणि शेटजींनी आणखी पाकिटांची ऑर्डर दिली.